अजिबात नाही

दोष तुमचा आहे. गोष्ट नंतर, आधी एवढं ऐकून घ्या. तुमचा हुद्दा काय, तुम्ही कितव्या मजल्यावर बसता, हे या गोष्टीतल्या घरात कुणालाच ठाऊक नाही. खाली दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्यांना ते ठाऊक असावं असं तुम्हालाही कधी वाटलेलं दिसत नाही. पण प्रश्न तुमचे होते. एका बाईला तुम्ही विचारलंत की जेवण जातं का, झोप लागते का, आपलं ओझं दुसऱ्यांवर पडतंय असं वाटतं का. हे कशासाठी विचारताय ते सांगायला मात्र तुमची जीभ जड झाली. कारण सांगितलं नाही की माणूस ते स्वतःच शोधतो, आणि भ्यालेल्या माणसाला जे सापडतं ते त्याच्या भीतीच्या मापाचं असतं. त्या बाईलाही एक सापडलं. काय सापडलं ते ऐका.

ती कुंभारीण. गल्लीत सगळे तिला काकी म्हणत. नवरा चाकावर बसायचा, बाकीचं सगळं काकीच्या अंगावर. माती भिजवायची, पायांनी तुडवायची, चाकावरून उतरलेलं ओलं भांडं लाकडी थापीने थापून गोल करायचं, उन्हासावलीत फिरवायचं, आणि शेवटी परसातल्या आव्यात, म्हणजे त्यांच्या भट्टीत, एकावर एक रचायचं. चाक फिरताना दिसतं म्हणून जग त्याला कुंभार म्हणतं. थापीचा आवाज भिंतीआडून येतो, त्याला कोण विचारतं? काकीच्या उजव्या छातीत गाठ निघाली, छाती काढली, त्या बाजूचा हात सुजून मुसळासारखा झाला, तेव्हा घराला कळलं की अर्धा कुंभार भिंतीआड बसत होता.

छाती गेल्यावर सलाईनमधून औषध सुरू झालं. ठरल्या दिवशी पहाटेची बस पकडायची आणि कॅन्सरच्या दवाखान्यातल्या तळमजल्याच्या बोळात बाकावर बसून राहायचं. बोळाला खिडकी नव्हती. एका टोकाला वजनाचा काटा, दुसऱ्या टोकाला डॉक्टरांचं दार, मधे भिंतीला टेकलेली माणसं. कुणाच्या मांडीवर पिशवी, कुणाच्या मांडीवर डोकं. शेजारी बसणाऱ्याशी ओळख व्हायची ती रोगावरून. तुमचं कुठलं? माझं घशाचं. तुमचं?

काकीच्या शेजारी नेहमी एक बाई बसायची, भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालून. भाजी विकणारी होती, आवाज तसाच.

"केस गेले ते गेले," ती काकीला म्हणायची, "पण उवाही गेल्या की नाही? निम्मा तरी नफाच."

त्या टोपीवालीमुळे बोळातला वेळ जायचा. तिथेच एकदा एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फळी, फळीला चिमट्याने लावलेले कागद. बोलायला गोड.

"मावशी, थोडा वेळ आहे का? काही प्रश्न विचारायचेत."

"वेळच तर आहे बाई," टोपीवाली म्हणाली, "दुसरं काय उरलंय? विचार."

"आम्ही अभ्यास करतोय. आजारपणात माणसाचं जगणं कसं असतं, त्याचा. मागच्या आठवड्यात तुम्हाला थकवा जाणवला का? अजिबात नाही, थोडासा, बराच, की फार?"

"फार."

"दुखलं का?"

"फार."

"झोप येत नाही असं झालं का?"

"फार. फारच्या वर काही ठेवलंय का तुमच्याकडे? असेल तर ते लिही."

मुलगी हसली. बाकावरची माणसंही हसली. पुढचा प्रश्न ओझ्याचा होता, घरच्यांना आपला भार होतो असं वाटतं का. टोपीवालीने टोपी काढून डोळ्यांवर दाबली. मुलीने कागदावर खूण केली आणि ती काकीकडे वळली. काकीने तेव्हा खरं ते सांगितलं. थकवा थोडासा, दुखणं थोडंसं, पायाला मुंग्या येतात त्याही थोड्याशा.

त्यानंतर दोनतीनदा असंच झालं. टोपीवालीचं 'फार' काही हटलं नाही. मग एका खेपेला काकी बाकावर येऊन बसली तर शेजारची जागा रिकामी. तिने तिथे पिशवी ठेवून जागा धरली. दुपार झाली तरी कुणी आलं नाही. सलाईन लावणारी सिस्टर सुजऱ्या हाताला वळसा घालून डाव्या हातावर शीर शोधत होती, तिला काकीने विचारलं, "ती टोपीवाली नाही आली ती?"

"त्यांना घरी पाठवलं," सिस्टर शिरेवरची नजर न काढता म्हणाली. "मूठ घट्ट करा."

"घरी म्हणजे?"

"आता यायचं नाही म्हणून सांगितलंय. औषध बंद केलं. करा ना मूठ."

काकीने मूठ केली. औषध थेंबथेंब उतरत होतं आणि तिच्या डोक्यात हिशेब जुळत होता.

आवा निवाला की तिच्या घरी काय करतात? भांडं उचलायचं, राख पुसायची, बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर विकायच्या रांगेत, भद्द वाजलं तर कुडाकडच्या ढिगात. तडा डोळ्याला दिसत नाही, नादात कळतो. भांड्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला कशाला वाजवतोय. ती मुलगी टिचक्या मारत हिंडतेय. टोपीवाली भद्द वाजली.

परतीच्या बसमध्ये तिने हे न्यायला आलेल्या नवऱ्याच्या कानाशी सांगितलं. तो ऐकता ऐकता ताठ झाला.

"आणि तू काय सांगितलंस तिला?"

"थोडं थोडं म्हटलं."

"थोडं थोडं? खुळी की काय गं तू? बाजारात माठ घेऊन बसतेस तेव्हा गिऱ्हाइकाला सांगतेस का, घ्या, थोडा थोडा गळतो म्हणून?"

"मला काय ठाऊक, कशाला विचारतात ते."

"आता कळलं ना? मग?" त्याने इकडेतिकडे पाहिलं, बसमध्ये दवाखान्याचं कुणी असेल म्हणून. मग आवाज अगदी खाली आणला. "अजिबात नाही. काहीही विचारू दे. अजिबात नाही म्हणायचं. तुझं औषध बंद झालं तर मी काय करू? सांग ना. मी काय करू?"

त्याचा हात तिच्या मनगटावर होता, बोटं गार पडलेली. तिने मान हलवली.

रोपवाटिकेच्या मालकाने कुंड्या करायला सांगितल्या होत्या. अंगण कच्च्या कुंड्यांनी भरत चाललं होतं आणि आभाळ काही मोकळं होत नव्हतं. वारा पडलेला, हवा दमट, ओल्या फडक्यासारखी. कच्ची कुंडी वाळली नाही तर आव्यात जात नाही, आणि आव्यात जायच्या आधी पाऊस आला तर पुन्हा चिखल. नवरा चाकावरून उठून दर थोड्या वेळाने आभाळाकडे पाहायचा आणि त्याला शिवी घालायचा. मग पुन्हा चाक. चाक फिरवता फिरवता तो तिला विचारायचा, कारण सरावाला सवड अशी दुसरी नव्हती.

"भूक?"

"चांगली."

"चांगली नाही, प्रश्न नीट ऐक. भूक मेलीय का?"

"अजिबात नाही."

"रडू येतं का?"

"अजिबात नाही."

"पुढचं काय होईल याची काळजी?"

"अजिबात नाही." आणि थापी मारता मारता तिने पुस्ती जोडली, "तुमची वाटते."

"ते नको सांगूस तिथे."

दोघं हसले. सून दारात धान्य निवडत होती, तीही हसली. पण या सरावाने एक वाकडं होऊन बसलं. दवाखान्यात खोटं बोलायला शिकलेली बाई घरातही खरं बोलेनाशी झाली. नवऱ्याने सहज विचारलं, दमलीस का, तरी तोंडातून तेच निघायचं. त्यालाही ते ऐकायला बरं वाटायचं. मग खरं कुणाला सांगायचं? रात्री कूस बदलताना ती ओठ दाताखाली धरायची.

दुखण्याचं एक वेळ चाललं असतं. भ्यायली ती पायांना. आधी मुंग्या होत्या, त्या बऱ्या म्हणायच्या, निदान काहीतरी होतं. मग मुंग्याही गेल्या. एकदा बसथांब्यापासून घरापर्यंत चालत आली आणि सून म्हणाली, "आई, एक चप्पल कुठेय?" काकीने खाली पाहिलं. एक पाय अनवाणी, धुळीने भरलेला. चप्पल कधी सुटली याचा पत्ताच नाही.

"पट्टा तुटला, टाकून दिली," ती म्हणाली.

सून शिंप्याच्या घरातली, चिखलाला नाक मुरडणारी म्हणून पहिल्या वर्षी काकीने तिला फार बोलून घेतलं होतं. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच, असं सगळ्या गल्लीसमोर म्हणाली होती. आता तीच सून म्हणत होती, "आई, माती मी तुडवते. तुम्ही बसा."

"तुला जमायचं नाही."

"शिकवा की."

"हे शिकवून येत नाही. तळव्याने बघावं लागतं."

खरंच तळव्याने बघावं लागतं. माती कितीही चाळा, बारीक खडा राहतोच. तुडवताना तो पायाला लागतो, वाकायचं, काढायचा, फेकायचा. त्यातला चुनखडीचा खडा सगळ्यांत वाईट. आव्यात तो जळतो, भांडं बाहेर आल्यावर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या अंगाचा टवका उडवतो. काकीचा पाय या कामात असा की गल्लीतले दुसरे कुंभार म्हणायचे, हिच्या तळव्याला डोळे आहेत.

ती मातीत उतरली. गुडघाभर गार चिखल असणार हे तिला ठाऊक होतं. पिंढरीला गार लागलं. त्याच्या खाली काहीच नव्हतं. दुसऱ्याचे पाय लावून तुडवावं तसं. ती खाली बघत, कुडाला धरून, पाऊल टाकत राहिली. खडे लागले नाहीत. माती स्वच्छ आहे, तिने मनाला सांगितलं. या वेळी चाळलीच चांगली होती.

"आई," सून हळूच म्हणाली, "माती लाल दिसतेय."

काकीने पाय उचलला. टाचेत खापरीचा तुकडा घुसला होता, बोटाच्या पेराएवढा.

"कळलंय मला," काकी म्हणाली. तिने तो उपटून काढला आणि फेकला. सुनेने तिच्या तोंडाकडे पाहिलं. उपटताना त्या तोंडावर काहीच हललं नव्हतं. काकीला सुनेची पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या खेपेला नवरा बाकावर तिच्या अंगाला अंग लावून बसला. प्रश्नवाली मुलगी आली, नवऱ्याला नमस्कार वगैरे केला. बोळ भरलेला होता. घशाला पट्टी बांधलेला एक म्हातारा समोर बसला होता, त्याला बोलता येत नव्हतं म्हणून तो ऐकायचं काम दुप्पट करायचा.

"थकवा?"

"अजिबात नाही."

"चिडचिड?"

"अजिबात नाही."

मुलीचा आवाज खाली आला, पण बोळाचे कान वर आले. "आता जरा खाजगी विचारते. नवराबायकोच्या संबंधांत, म्हणजे शरीराच्या, काही अडचण वाटली का?"

काकीच्या कानशिलांना ऊब चढली. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, कान मात्र इकडेच.

"आमच्याकडे दोन गाढवं आहेत," नवरा मोठ्याने म्हणाला, "त्यांना विचारा बाई. ती तरणी आहेत."

बोळ खदखदला. म्हाताऱ्याचे खांदे आवाजाशिवाय हलले. काकी पदराच्या टोकाकडे बघत राहिली. काढलेल्या छातीच्या जागी तिने कापडाची पुरचुंडी ठेवली होती, ती सरकलीय असं तिला वाटायला लागलं. सगळे तिथेच बघतायत असंही वाटायला लागलं.

"अजिबात नाही," ती म्हणाली.

"हातापायांना बधिरपणा?"

नवऱ्याचं ढोपर तिच्या ढोपराला लागलं. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो प्रत्येक प्रश्नाला असंच ढोपर लावत होता. काकीने मुलीकडे पाहिलं. मुलीची पेन्सिल पहिल्या चौकोनावर आधीच जाऊन थांबली होती.

"अजिबात नाही."

"वा मावशी! या सगळ्या बाकावर तुमचंच जगणं छान आहे बघा."

नवरा असा फुलला, जणू एखादा माठ चढ्या भावाने गेला. डॉक्टरांच्या दारातून आत गेल्यावर डॉक्टरांनी कागद चाळत विचारलं, "काही विशेष त्रास?" काकी म्हणाली, नाही. "छान. चालू ठेवू." आणि तेच औषध, तेवढंच, पुन्हा शिरेत उतरलं.

आभाळ एक दिवस उघडलं. तेवढी संधी साधून त्यांनी आवा रचला. तळाला लाकूड, वर भुसा, कुंड्यांचे थर, मधे गोवऱ्या, वरून खापऱ्या आणि ओल्या मातीचा लेप. सूर्य वर आला तेव्हा पेटवला. दिवसभर धूर सरळ गेला. नवरा खूश होता. आवा निवल्यावर उघडला तेव्हा कुंड्या लालबुंद, एकसारख्या. त्याने पहिली उचलून टिचकी मारली, खण्. दुसरी, खण्. अंगणात रांगा लागल्या. पण हवा पुन्हा दमट झाली होती, आणि त्या रांगांतून आवाज यायला लागले.

फट्.

नवऱ्याने मान वळवली. एका कुंडीच्या पोटावरून टवका उडून खाली पडला होता. खळग्यात पांढरा ठिपका.

फट्. पलीकडे आणखी एक. मग दुसऱ्या रांगेत. तो उकिडवा बसला होता, आणि प्रत्येक आवाजाला त्याचा खांदा उडत होता. तो एकेक कुंडी फिरवून बघायला लागला. पांढरा ठिपका. पांढरा ठिपका. ज्या मातीला काकीचे पाय लागले होते, तिच्यात खडेच खडे.

काकी आव्यात उभी होती, खालच्या थरातल्या कुंड्या काढून सुनेच्या हातात देत. आवाज तीही ऐकत होती. ती वर बघत नव्हती. इतक्यात तिच्या नाकाला वास आला, केस जळावेत तसा. काहीतरी पेटलंय, तिने इकडेतिकडे पाहिलं. पदर ठीक होता. भुशाचं पोतं लांब होतं.

"आई!" सून किंचाळली. "पाय! पाय काढा!"

राखेखाली निखारा जिवंत होता आणि काकीची टाच त्याच्यावर होती. सुनेने तिला दंडाला धरून ओढलं, दोघी कुंड्यांवर पडल्या. नवरा धावत आला. पाणी ओतलं. टाचेचं कातडं पांढरं पडून सुटलं होतं, आणि काकी ते दुसऱ्याच्या टाचेकडे बघावं तशी बघत होती.

"दुखत नाही," ती घाईघाईने म्हणाली. "काही नाही झालं. अजिबात नाही."

नवऱ्याने तिला दगडावर बसवलं. दुसरा पाय, चांगला, मांडीवर घेतला. "तिकडे बघ. आव्याकडे. मी बोट लावतो, तू सांग. लागतंय?"

काकीने आव्याकडे तोंड केलं. तिने श्वास धरला. "लागतंय."

"आता?"

"हो. लागतंय की."

मागे काहीच हालचाल नाही म्हणून तिने वळून पाहिलं. नवऱ्याचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांवर होते. त्याने तिला शिवलंच नव्हतं.

अंगणात आणखी एक टवका उडाला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच तर शिकवलंत."

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. आता हा ओरडेल असं तिला वाटलं, पण तो पुटपुटला, "नाही सांगायचं. कुणाला नाही सांगायचं. टाच बरी होईल. चप्पल घालून जायचं, वर मोजा. काढतील गं तुला. त्या टोपीवालीसारखं काढतील."

"आणि नाही सांगितलं तर?" सून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "उद्या चुलीत पाय घालतील नि कळायचं नाही. बाबा, तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते. मी जाते या वेळी बरोबर."

"तू मधे पडू नकोस!"

"पडले आहे मधे! तुमच्या कुंड्यांवर पडले आहे, बघा कोपर!"

काकी दोघांच्या मधे बसली होती. औषध बंद होण्याची भीती अजून पोटात जशीच्या तशी होती. पण आता तिच्या शेजारी दुसरी भीती येऊन बसली होती. आपण कडेकडेने, पायापासून वर, आपल्यालाच न कळता संपत चाललोय. ती भीती जास्त गार होती.

"मीच सांगेन," ती म्हणाली. "तुम्ही दोघं गप्प राहायचं."

दवाखान्याच्या बोळात ती टाचेला फडकं गुंडाळून, लंगडत शिरली. एका बाजूला सून, मागे नवरा, मान खाली घालून. तिने सकाळपासून घोकलं होतं, फार म्हणायचं, फार म्हणायचं.

मुलगी आली. "काय मावशी, आपलं नेहमीचंच ना? पटकन होऊन जाईल." आणि काकीने तोंड उघडायच्या आधी तिची पेन्सिल पहिल्या चौकोनांवरून खाली उतरायला लागली.

"थांब," काकी म्हणाली. "आज नीट विचार."

मुलीने वर पाहिलं. खोडरबर शोधलं. विचारायला लागली. थकवा? फार. झोप? फार, म्हणजे नाहीच. काळजी? फार. बधिरपणा? काकीने श्वास घेतला. "फार. पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही. निखाऱ्यावर उभी होते."

मागे नवऱ्याने डोळे मिटून घेतले. आता काहीतरी होणार होतं. कुणालातरी बोलावणार, नाव खोडणार, सांगणार, आता यायचं नाही. काकीचा सुजलेला हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला.

मुलीने खूण केली. पान उलटलं.

"मागच्या आठवड्यात तुम्हाला एकटं वाटलं का?"

"थांब," काकी म्हणाली. "झालं?"

"काय झालं मावशी?"

"मी फार म्हटलं ना."

"हो, घेतलं की. हे बघा."

"मग आता काय करणार? औषध काढणार?"

"औषध?" मुलगी गोंधळली. "छे हो! औषधाशी आमचा काय संबंध? उत्तरं गुप्त असतात. डॉक्टरांनाही दाखवत नाही आम्ही. तुमचं नावसुद्धा नसतं यावर, नुसता नंबर. तुम्ही म्हणूनच मोकळेपणाने बोलायचं."

नवऱ्याने डोळे उघडले. त्याला वाटलं सुटलो, तो हसायला लागला होता. पण काकी हसत नव्हती.

"टोपीवाली बसायची इथे. ती फार म्हणायची."

"हो," मुलगी म्हणाली. "त्या वारल्या मावशी. घरीच. त्यांचा आजार पसरला होता, म्हणून औषध थांबवलं. उत्तरांमुळे नाही हो. असं वाटलं होतं तुम्हाला?"

"ती दर खेपेला फार म्हणायची. दुखतं फार. झोप नाही, फार. तू लिहायचीस. मग तिच्या दुखण्याला कुणी काही दिलं?"

मुलीने फळी छातीशी धरली. "ते माझं काम नाही. मी फक्त नोंद घेते."

"आणि हा पायाचा प्रश्न? हा तुमच्या डोक्यात कुठून आला? तुला ठाऊक होतं का, असे पाय मरतात म्हणून?"

"या औषधाने होतं तसं पुष्कळांना," मुलगी हळू म्हणाली. "म्हणूनच घातलाय तो प्रश्न. वेळेत डॉक्टरांना सांगितलं तर ते औषध कमी करतात, बदलतात... तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं."

"तुला सांगत होते ना!" काकीचा आवाज बोळभर गेला. "तुला वाटलं मी कुणाला सांगतेय? पहिल्या खेपेला मी मुंग्या सांगितल्या होत्या. खऱ्या. कुठे गेल्या त्या?"

घशाला पट्टी बांधलेला म्हातारा उठून उभा राहिला होता. काकीने फडकं सोडलं, पाय बाकावर उचलून ठेवला. टाचेचं मांस उघडं, लाल. "घे ती पेन्सिल. इथे, तळव्याला टोच. टोच गं, घाबरतेस काय?"

मुलीने टोचली नाही. तिचे डोळे भरले होते. ती विशीबाविशीतली पोर, तिलाही कुणीतरी फळी हातात देऊन खाली पाठवलं होतं. काकीला ते दिसलं. तिने तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच तळव्यात खुपसली. रक्ताचा टिपका आला. काकी मुलीच्याच तोंडाकडे बघत होती.

"कुणाचे आहेत हे प्रश्न? तुझ्या वर कोण बसतं?"

"सर आहेत. वरच्या मजल्यावर."

"जा, त्यांना विचारून ये. ती भाजीवाली फार फार म्हणत होती तेव्हा त्यांनी काय केलं, आणि आता मी म्हणतेय तर काय करणार आहेत. माझं नाव सांग. नंबर नको सांगूस. जा."

मुलगी जिन्याकडे गेली. मधे एकदा थांबून तिने मागे पाहिलं. काकीने हाताने खूण केली, वर.

आतून सिस्टरने नंबर पुकारला. नवरा धडपडत उठला. "अगं, आपला आहे. चल, चल, चुकेल."

हीच वेळ चुकू नये म्हणून ती इतके दिवस खोटं बोलली होती. सुनेने तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि फडकं पुन्हा गुंडाळायला लागली. सिस्टर दारात येऊन दुसऱ्यांदा ओरडली.

"पुकारू दे," काकी म्हणाली. तिची नजर जिन्यावर होती. "डॉक्टरांनाही इथेच दाखवते हा पाय, त्यांना यायचं तर येऊ दे बाहेर. पण मी विचारलंय ना? आधी वरून उत्तर येऊ दे."